मताधिक्य नको, ताळेबंद दाखवा

पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात ७४६ हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेच्या मतमोजणीत राहुल कुल यांना १,०३,६६४ मतं पडली, रमेश थोरात यांना १,०२,९१८, आणि एवढ्याशा फरकावर तालुक्याची पाच वर्षं ठरली. तेव्हापासून कुठल्या गावाने किती लीड दिलं, कुठल्या वस्तीवर कुणाची पेटी फुटली, राहूचं किती, खुटबावचं किती, ही चर्चा पारावर, दूध डेअरीवर, लग्नाच्या मांडवात अखंड चालू आहे. निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रंही मतदारसंघाचा लेखाजोखा म्हणून तेच छापतात: कोण कितीने जिंकला, कोण कितीने पडला, कुणी कोणाचा गट फोडला. या लेखाजोख्यात आमदार असतो, त्याचा पक्ष असतो, त्याचा प्रतिस्पर्धी असतो. ऊस लावणारा माणूस त्यात नसतो. मला या आकडेमोडीचा मनापासून उबग आला आहे.

मी भीमाकाठची. माहेर नदीच्या शिरूरकडच्या अंगाला, सासर दौंडकडच्या. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे सहकारी कारखान्याचे शेअर, आणि दोन्हीकडे आमदार म्हणजे कारखान्याच्या राजकारणातून वर आलेला माणूस, ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत आले. त्यामुळे या दोन तालुक्यांच्या आमदारकीचा हिशेब मांडताना मला मतमोजणीच्या फेऱ्यांपेक्षा गव्हाणीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. गव्हाण, म्हणजे गाळप, किती दिवस चालली, बिल किती दिवसांत जमा झालं, कामगाराचा पगार किती महिने थकला. आमदाराचं प्रगतिपुस्तक यावरून लिहा.

दौंडची गोष्ट आधी. २००९ पासून चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा मुख्य लढत त्याच दोघांत झाली. २००९ मध्ये कुल राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार होते आणि थोरात बंडखोरी करून अपक्ष उभे होते. थोरात जिंकले. २०१४ मध्ये थोरात राष्ट्रवादीकडून आणि कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून लढले. कुल ११,३४५ मतांनी जिंकले आणि त्या पक्षाचे विधानसभेतले एकमेव आमदार झाले. २०१९ मध्ये कुल यांनी थेट भाजपचा एबी फॉर्म भरला, जानकरांनी ते आता आपले राहिले नाहीत असं जाहीर करून टाकलं, आणि निकाल लागला तो वर सांगितलेला. २०२४ मध्ये थोरात ऐन तोंडावर शरद पवारांच्या पक्षात गेले, कुल भाजपमध्येच राहिले आणि १३,८८९ मतांनी निवडून आले. दोन माणसं, चार पक्ष आणि एक अपक्ष उमेदवारी. मतदाराला यात निवडायला काय होतं? झेंडा बदलला म्हणून उसाचा दर बदलला, असं एकाही वर्षी घडलं नाही.

पक्षांतरबंदी कायद्याचं नाव कुणी काढू नये. निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलायला तो कायदा आडवा येत नाही आणि इथले पुढारी नेमके तेव्हाच उड्या मारतात. ज्या पक्षाच्या नावावर मतं मागितली, तो पक्ष सोडताना मतदाराला एका ओळीचं कारण द्यावं, असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही. आणि आपणही विचारलं नाही, कारण आपल्यालाही पक्ष हवाच नव्हता. आपल्याला दादा (कुल) हवा होता किंवा आप्पा (थोरात) हवा होता.

कुलांच्या घरात आमदारकी आधीपासून होती. वडील सुभाष कुल आमदार, त्यांच्या निधनानंतर आई रंजनाताई आमदार, मग राहुल. पत्नी कांचनताई २०१९ ला भाजपकडून बारामती लोकसभेला उभ्या राहिल्या आणि सुप्रिया सुळेंकडून दीड लाखांहून जास्त मतांनी पडल्या. घराणेशाहीवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे आणि तिने कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून मी तिथे थांबत नाही. मला जास्त खुपते ती दुसरीच गोष्ट. थोरात अनेक वर्षं पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष होते. कुल पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष. ऊस लावणाऱ्याचं पीककर्ज जिल्हा बँकेतून गावच्या सोसायटीत येतं, आणि ते फेडायचं असतं कारखान्याच्या बिलातून. म्हणजे ज्या दारातून पैसा येतो तिथे एक उमेदवार आणि ज्या दारातून पैसा फिटतो तिथे दुसरा. खुद्द कारखानाही जिल्हा बँकेचा कर्जदार. अशा तालुक्यात गुप्त मतदान असतं, पण मोकळं मतदान असतं का? ज्याचं कर्ज एकाच्या हातात आणि ऊस दुसऱ्याच्या हातात, तो माणूस बूथवर बटण दाबताना कुणाला भीत असेल, हे मोजायची कुठलीही फेरी मतमोजणीत नसते.

आता पाटसचा हा कारखाना. मधुकरराव शितोळे यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, आजही पत्त्यात मधुकरनगर लिहितात. सभासदांच्या शेअरवर, उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवींवर हा कारखाना उभा राहिला. तो कर्जात रुतला, काही हंगाम बंद पडला आणि २०२२ मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहाला २५ वर्षांसाठी भाड्याने दिला गेला. बॉयलर पुन्हा पेटला हे खरं आहे आणि त्यामुळे परिसरातल्या उसाला गिऱ्हाईक मिळालं हेही खरं आहे. पण २५ वर्षं म्हणजे एका शेतकऱ्याचं अख्खं कर्तं आयुष्य. मालक सभासद, आणि आपल्याच कारखान्यात ऊस घालायला तो आता परक्याच्या काट्यावर उभा राहतो. ही वेळ का आली, कुठल्या वर्षी कुठला निर्णय चुकला, कर्ज कशासाठी काढलं आणि ते कुठे मुरलं, याचं उत्तर अध्यक्षाने तालुक्याला द्यायला हवं. अध्यक्ष आमदार असेल तर दुप्पट द्यायला हवं.

मार्च २०२३ मध्ये ठाकरे गटाचे खासदार संजय राऊत यांनी या कारखान्यात ५०० कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा आरोप केला. कुल यांनी तो फेटाळला. राऊतांनी विधिमंडळाला उद्देशून वापरलेल्या ‘चोरमंडळ’ या शब्दावरून विधानसभेत हक्कभंगाचा विषय नुकताच आला होता आणि त्या हक्कभंग समितीचे प्रमुख होते खुद्द राहुल कुल. मग एप्रिलमध्ये वरवंडला राऊतांची सभा, कारखान्याच्या परिसरात जमावबंदी, दिवसभर टीव्हीच्या गाड्या. आरोप सिद्ध होईपर्यंत मी कुणालाही चोर म्हणणार नाही. माझा संताप वेगळा आहे. दोन दिवसांत सगळा विषय राऊत विरुद्ध कुल, ठाकरे विरुद्ध भाजप असा होऊन गेला. मुंबईतलं भांडण दौंडला येऊन खेळलं गेलं आणि परत मुंबईला गेलं. सभासदाचा प्रश्न त्याच मैदानात पडून राहिला. ज्यांनी आरोप केले त्यांनीही नंतर वरवंडच्या शेतकऱ्याच्या दारात येऊन काय निष्पन्न झालं ते सांगितलं नाही.

नदी ओलांडून माहेरी गेलं तरी गोष्ट बदलत नाही, फक्त नावं बदलतात. शिरूरला २००९, २०१४, २०१९ अशा सलग तीन लढती ॲड. अशोक पवार आणि बाबूराव पाचर्णे यांच्यात झाल्या. एकदा पवार, एकदा पाचर्णे १०,९४१ मतांनी, पुन्हा पवार ४१ हजारांवर मतांनी. २०२२ मध्ये पाचर्णे वारले. आणि २०२४ ला वाघोलीचे ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके, जे शिवसेनेचं काम करत आले होते, ते अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन उभे राहिले आणि अशोकबापूंना ७४,५५० मतांनी हरवलं.

या पराभवाची कारणं सांगताना लोक लाडकी बहीण योजना सांगतात, वाघोलीची मतं सांगतात. पुनर्रचनेत शिरूर तालुक्याची पश्चिमेकडची चाळीसेक गावं आंबेगावला जोडली गेली आणि हवेलीचा मोठा भाग शिरूरला आला. त्यामुळे न्हावऱ्याचा ऊसवाला आणि वाघोलीचा फ्लॅटवाला यांचा आमदार एकच. एकाला चारीला पाणी हवं, दुसऱ्याला नगर रस्त्यावरची कोंडी फुटायला हवी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण मतदारसंघ नकाशावर आखणाऱ्याने दोघांचाही आवाज अर्धा करून ठेवला. तरीही २०२४ चा प्रचार खऱ्या अर्थाने पेटला तो न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्यावरून. रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षं अशोकबापूंच्या ताब्यात. २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या पॅनेलने सत्ता राखली आणि चिरंजीव ऋषिराज अध्यक्ष झाले. २०२३-२४ च्या हंगामात त्या कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. कामगार थकलेल्या पगारासाठी आंदोलनाला बसले.

बापूंचं म्हणणं, मी शरद पवारांबरोबर राहिलो म्हणून सरकारने कारखान्याचं कर्ज अडवलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांचं म्हणणं, कारभार नीट केला नाही म्हणून कारखाना बंद पडला. तालुका दोन बाजूंना वाटला गेला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला दोन्हींत एकमेकांची कबुलीच दिसली. राजकीय निष्ठा पाहून साखर कारखान्याला कर्ज मिळत असेल, तर सहकार खातं हे खातं उरलंच नाही, ते पक्षाचं कार्यालय झालं, आणि ही व्यवस्था बापूही त्याच पक्षात असताना निमूट पाहत होते. उलट कारभारच चुकला असेल, तर बापू राष्ट्रवादी फुटेपर्यंत, म्हणजे जुलै २०२३ पर्यंत, अजित पवारांच्याच पक्षाचे आमदार होते. अध्यक्षपदाची खुर्ची त्यांना काल मिळालेली नव्हती. तोवर कारभार कुणाला दिसला नाही? पक्ष फुटल्यावरच ताळेबंद वाचता येतो, अशी कुठली विद्या आहे ही?

कारखाना बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे शहरात बसून कळत नाही, म्हणून सांगते. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिन्यांचा होऊन उभा असतो. जवळचा कारखाना बंद, म्हणून नोंद लांबच्या कारखान्याला द्यायची. तिथला चिटबॉय, म्हणजे ऊसनोंदी पाहणारा कारखान्याचा माणूस, आधी त्यांच्या सभासदाचा ऊस उचलतो, तुमचा नंबर लागतो शेवटी. डिसेंबर जातो, जानेवारी जातो, उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन उतरतं. शेवटी टोळी येते ती खुशाली घेतल्याशिवाय कोयता लावत नाही. ट्रॅक्टरवाल्याचं वेगळं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरली, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस जितका लांब जातो तितकी वजावट वाढते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत बिल द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते व्याज कुणी मागत नाही. मागितलं तर पुढच्या वर्षी नोंदच घेणार नाहीत ही भीती. जवळचा कारखाना चालू असेल तर शेतकऱ्याच्या तोंडात एक शब्द तरी असतो: नाहीतर तिकडे घालतो. तो शब्द काढून घेतला की उरतं ते गुऱ्हाळ.

केडगाव, राहू, खुटबाव या पट्ट्यात गुऱ्हाळं पावलोपावली आहेत. पहाटे चुलवणात चिपाडं पेटतात, काहिलीतला रस पिवळा पडून फुगायला लागतो, आणि तेवढ्यात उसाची गाडी घेऊन आलेल्या माणसाला दर सांगितला जातो. तिथे एफआरपीचं बंधन नाही. गरजू माणूस मान हलवतो, कारण घरात लग्न आहे किंवा सोसायटीची मुदत मार्चअखेर आहे आणि रोख हातात पडणार आहे. मला गुऱ्हाळवाल्याशी भांडण नाही, तोही धंदा करतो. पण ज्या तालुक्यांनी दोन-दोन पिढ्या सहकाराच्या नावावर पुढारी मोठे केले, तिथला शेतकरी पहाटे काहिलीशेजारी उभा राहून पडेल त्या दराला होकार देतो, ही त्या पुढाऱ्यांच्या कारकिर्दीची खरी नोंद आहे.

आणि कारखान्याच्या वार्षिक सभा! एका कारखान्याच्या सभेला मी सभासदाच्या हक्काने गेले होते. मांडवात पुढच्या रांगांत आधीच पोरं आणून बसवलेली. अहवालाचं पुस्तक दारात हातात मिळालं, वाचायला वेळ कुणाला? विषय क्रमांक वाचला की पुढून आरोळी: मंजूर, मंजूर. कर्ज उभारणीचा विषय, मंजूर. लेखापरीक्षण, मंजूर. एका म्हाताऱ्या सभासदाने उठून बिनपरतीच्या ठेवींचं काय झालं एवढंच विचारलं, तर माईक बंद झाला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीताला सगळ्यांना उभं राहावं लागतं, तसा तोही उभा राहिला. त्याचा प्रश्न इतिवृत्तात आला नाही. पुढच्या महिन्यात सवलतीची दिवाळीची साखर मिळाली आणि विषय संपला. आमदार घडतात ते या मांडवात. इथे प्रश्न दाबायला शिकलेला माणूस विधानसभेत आमच्यासाठी प्रश्न विचारेल, यावर मी कसा विश्वास ठेवू?

कुणी म्हणेल, आमदार म्हणजे फक्त कारखाना नव्हे. मान्य. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसच्या संगमाला भीमेत उतरतं आणि आमच्या उपशांवर येतं. काठावर जलपर्णीची गादी आणि पाण्याला फेस. मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायचं महापालिकेने कबूल केलं, तेही पूर्ण प्रक्रिया झालेलं पाणी आहे असं नदी पाहून कुणी म्हणणार नाही. खडकवासल्याच्या कालव्याची गळती थांबावी म्हणून बोगदा व्हावा, हा विषय कुल यांनी लावून धरला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीने आसपासच्या विहिरी नासवल्या, त्यावर दोघांपैकी कुणाच्या कारकिर्दीत काय झालं? त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यातून फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं. पुण्याहून पोलीस यावे लागले. तालुक्याचं राजकारण मात्र त्या महिन्यातही कोण कुठल्या पक्षात जाणार यातच गुंतलेलं होतं.

तरी मी परत कारखान्यावरच येते, कारण बाकी कामं सरकारची असतात, आमदार ती ओढून आणतो किंवा आणत नाही. कारखाना मात्र त्याच्या स्वतःच्या हातात असतो. तिथे निर्णय त्याचा, सही त्याची, नोकरभरती त्याची. माणूस राज्य कसं चालवेल हे पाहायला याहून स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. आणि हाच पुरावा उमेदवारी अर्जाबरोबर मागितला जात नाही. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात उमेदवार बायकोच्या गळ्यातल्या सोन्याचे तोळे लिहितो, गाडीचं वर्ष लिहितो, शेतीचा गट नंबर लिहितो. तो अध्यक्ष असलेल्या कारखान्याचं कर्ज किती, एफआरपी किती थकली, कामगारांचा पगार किती महिन्यांचा बाकी, गेल्या पाच हंगामांत गाळप किती दिवस झालं, हे लिहायला तिथे रकानाच नाही. स्वतःचं कर्ज सांगायचं, पण हजारो सभासदांच्या डोक्यावरचं कर्ज सांगायचं नाही, हा कसला उघडेपणा?

निवडणूक आयोगाने हा रकाना घालावा ही माझी मागणी आहे. सहकारी कारखाना, बँक, दूध संघ, जिथे जिथे उमेदवार किंवा त्याच्या घरातला माणूस अध्यक्ष आहे, त्या संस्थेचा शेवटच्या पाच वर्षांचा ताळेबंद प्रतिज्ञापत्राला जोडलेला असावा. याला विरोध करणारे म्हणतील, सहकार वेगळा, राजकारण वेगळं. ज्यांचा अख्खा प्रचार कारखान्याच्या गाड्यांतून, कारखान्याच्या कामगारांकडून, कारखान्याच्या गेस्ट हाऊसमधून चालतो, त्यांनी तरी हे बोलू नये.

आणि आयोग जागा होईपर्यंत आपण बसून राहायचं कारण नाही. पुढच्या वेळी मत मागायला पांढऱ्या गाड्या आमच्या वस्तीवर येतील, तेव्हा दादा असोत, आप्पा असोत, बापू असोत की माऊली, मी तीन कागद मागणार आहे: संस्थेचा ताळेबंद, थकलेल्या बिलांची यादी आणि कामगारांच्या पगाराचं शेवटचं पत्रक. ज्याच्या ताब्यात आज संस्था नाही त्याने बंद पडलेली कशी आणि किती पैशांत चालू करणार ते लिहून द्यावं, सहीनिशी. कागद हातात पडले तर ओट्यावर बसून वाचू, मग बोलू. नसतील तर गाडी फिरवून न्यायला आमच्या अंगणात जागा भरपूर आहे.